हसू कुणाच्या नावावर?

तमाशातल्या बतावणीत एक युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सरदार विचारतो, "कुठं गेला होतास?" सोंगाड्या सांगतो, "इथं यायला." सरदार चिडतो, "मी विचारतोय काय आणि तू बोलतोयस काय?" सोंगाड्या शांतपणे म्हणतो, "तुम्ही विचारताय प्रश्न, मी देतोय उत्तर." वापरानं शब्दाला जो अर्थ चिकटलेला असतो तो सोंगाड्या झटकून टाकतो आणि त्याचा सरळ, उघडा अर्थ धरून बसतो. सरदाराचा रुबाब तिथंच उतरतो. यात्रांच्या हंगामात शेवगाव-पाथर्डीच्या टापूत फड येतात आणि माणसं या युक्तीवर दरवेळी नव्यानं हसतात. संगमनेरचा कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा फड तर आमच्याच जिल्ह्यातला. रघुवीर खेडकरांनी सोंगाड्या म्हणून महाराष्ट्रभर नाव मिळवलं. या हसण्यात एक गोष्ट गृहीत असते. सोंगाड्याला सगळं कळतंय, तो फक्त न कळल्याचं सोंग घेतोय, आणि म्हणून तो सरदाराच्या दोन पावलं पुढं आहे.

हेच उत्तर एखाद्या ऑटिस्टिक मुलानं दिलं तर? "कुठं गेला होतास?" "इथं यायला." शब्द तेच, क्रम तोच, चेहराही सोंगाड्यासारखाच निर्विकार. पण ऐकणारा लगेच ठरवून टाकतो की याला प्रश्न कळला नाही. सोंगाड्याच्या नावावर जी हुशारी जमा होते ती या मुलाच्या नावावर उणीव म्हणून लागते. पडद्यावर ऑटिस्टिक माणसं ठळकपणे दिसायला लागून साडेतीन दशकं उलटली. या काळात त्यांच्यावर हसवलं गेलं, त्यांच्यासाठी रडवलं गेलं. पण विनोद त्यांनी केला आणि तो त्यांचाच आहे, असं म्हणणारा प्रसंग शोधावा लागतो. काही प्रसंगांत तर तो विनोद पडद्यावर हजर असूनही चित्रपटाला दिसलेला नाही. मला त्या जागा वाचायच्या आहेत.

भरतानं नाट्यशास्त्रात हास्याचे दोन प्रकार सांगितले. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. हास्याची कारणं मोजताना विचित्र वेष, असंबद्ध बडबड यांच्याबरोबर त्यानं व्यंगाचं दर्शनही धरलं आहे. व्यंग दिसलं की हसू येतं, ही नोंद आपल्या नाट्यविचाराइतकी जुनी आहे. पण त्याच भरताचा विदूषक ठेंगणा, कुबडा, वेड्यावाकड्या दातांचा, टकला असा आहे, आणि तरीही हास्याचा कर्ता आहे. शरीराचं व्यंग आणि विनोदबुद्धी एका माणसात नांदू शकतात हे आपल्या परंपरेला मान्य होतं. शेवगावहून गोदावरीपलीकडं पैठणला गेलं की नाथांच्या भारुडांतही बहिरा येतो, मुका येतो, आंधळा येतो. तिथं ती माणसं परमार्थाचं रूपक होऊन येतात, तरी मंचावर बोलतात तीच आणि लोकांना हसवतातही तीच. वेगळ्या मनाच्या माणसाला मात्र ही जागा मिळाली नाही. त्याच्या वाट्याला भोळेपणा आला.

'रेन मॅन' १९८८ चा. दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन, ऑटिस्टिक भाऊ रेमंडच्या भूमिकेत डस्टिन हॉफमन, धाकट्या चार्लीच्या भूमिकेत टॉम क्रूझ. चित्रपट, दिग्दर्शन, अभिनय आणि पटकथा असे चार ऑस्कर त्याला मिळाले. जगभरच्या प्रेक्षकांनी ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो बहुधा या चित्रपटामुळं. त्यानंतरची बहुतेक पात्रं रेमंडच्याच साच्यातून निघाली, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी.

रेमंडच्या खोलीत कुणी त्याच्या वस्तूंना हात लावला, त्याची घडी विस्कटली, की तो एक संवाद पुटपुटायला लागतो. हा संवाद अॅबट आणि कॉस्टेलो या जोडीचा. १९३८ मध्ये तो अमेरिकेच्या रेडिओवर गाजला आणि १९४५ मध्ये 'द नॉटी नाइन्टीज' या चित्रपटात आला. त्याची कल्पना अशी की बेसबॉलच्या संघातल्या खेळाडूंची नावंच 'कोण', 'काय' आणि 'माहीत नाही' अशी आहेत. एक जण विचारतो, पहिल्या जागेवर कोण आहे? दुसरा म्हणतो, हो. पहिला म्हणतो, अरे त्याचं नाव सांग. दुसरा म्हणतो, कोण. असं करत करत पहिल्याचं डोकं फिरेपर्यंत हे चालतं. ही अस्सल बतावणीच आहे. एक शब्दाच्या सरळ अर्थाला चिकटून शांत बसलेला, दुसरा त्या शांतपणानं पेटलेला.

रेमंड दोघांचेही संवाद एकाच सुरात म्हणतो. हसत नाही, थांबत नाही, कुणासाठी म्हणतोय असं दाखवतही नाही. चार्ली पुढं त्याला सुनावतो की हे सोडवायचं कोडं नाही, हा विनोद आहे. तुला ते कळलं तर कदाचित तू बरा होशील. चित्रपटाची भूमिकाही हीच आहे. रेमंडच्या तोंडी विनोदाचं कलेवर आहे, प्राण गेलेला आहे. भीती आवरण्यासाठी तो ते घोकतो.

पण पटकथेनं हा संवाद इथं आणलाच का, याचा विचार केला की एक सुंदर गोष्ट दिसते. सगळा चित्रपटच त्या संवादाच्या बांधणीवर उभा आहे. चार्ली विचारतो, रेमंड सरळ उत्तर देतो, चार्ली भडकतो. चार्ली पुन्हा विचारतो, रेमंड तेच उत्तर देतो, चार्ली आणखी भडकतो. दोन भाऊ गाडीत बसून अमेरिका ओलांडतात ते अॅबट आणि कॉस्टेलो होऊन, आणि त्यातला डोकं फिरणारा कॉस्टेलो चार्ली आहे. रेमंडच्या स्मरणात काय काय साठवलेलं आहे हे चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवतो: टेलिफोनची डिरेक्टरी, विमान अपघातांच्या तारखा, पत्त्यांचे डाव. एवढ्या साठ्यातून एक अनोळखी माणूस खोलीत घुसून प्रश्नांचा मारा करतो तेव्हा त्याच्या तोंडी येतो तो नेमका प्रश्नोत्तरांच्या गोंधळाचा विनोद. याहून नेमकी निवड कोणती असणार? लेखकांनी ती निवड केली आणि तिचं श्रेय रेमंडला द्यायचं राहून गेलं.

दुसरी जागा रेमंडच्या वहीची. चार्ली चिडून त्याची मान आवळतो. रेमंड वही काढतो आणि गंभीर इजांच्या यादीत त्याची नोंद करतो: १९८८ सालातली अठरावी, करणारा चार्ली बॅबिट. चित्रगृहात इथं हशा पिकतो. मला विचारावंसं वाटतं, हे हसू कुणाचं? बलवान माणसाच्या दांडगाईला दुबळ्या माणसानं दिलेलं हे उत्तर आहे, तेही साल आणि अनुक्रमांक घालून. सोंगाड्यानं सरदाराच्या प्रत्येक थपडेची वही ठेवली असती तर त्या वहीवर आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि तिसरी, शेवटाकडची. रेमंडला सिनसिनाटीच्या के-मार्ट दुकानातल्याच अंतर्वस्त्रांचा हट्ट असतो. त्या हट्टाला कंटाळून चार्लीनं वाटेत के-मार्टला एक शेलकं विशेषण लावलेलं असतं. आता दोघं वेगळे होण्याच्या बेतात आहेत, आणि रेमंड तेच विशेषण उच्चारतो. चार्लीच्या चेहऱ्यावर आनंद फुटतो: रेमंडनं विनोद केला! चित्रपटातली ही सगळ्यात मायेची जागा आहे. तो विनोद कशाचा बनला आहे ते पाहा. चार्लीचेच शब्द रेमंडनं जपून ठेवले आणि योग्य क्षणी जसेच्या तसे परत केले. ऐकलेलं साठवायचं आणि पुन्हा म्हणायचं, ही तीच क्षमता जिला चित्रपट सुरुवातीपासून दोष म्हणून दाखवत आला. रेमंड तसाच आहे, फक्त चार्ली आता ऐकू लागला आहे. लेव्हिन्सन यांनी हे दाखवलं हे त्यांचं मोठेपण. शेवटच्या जागेवर पोचलेली ही समज त्यांनी मागं वळून पहिल्या जागेला लावली असती तर चित्रपट आणखी खोल गेला असता.

शेवगावात माझा भाचा आहे. ऑटिस्टिक आहे, आता मिसरूड फुटलंय. त्याला एसटीच्या उद्घोषणा पाठ आहेत. घरी दिवसातून कधीही त्या सुरू होतात: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अमुक ठिकाणी जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. घरातले आणि शेजारपाजारचे याला पाठांतर म्हणायचे. लक्ष ठेवून होती ती त्याची आजी. तिनं पाहिलं की पाहुणा बसून तास होऊन गेला, चहा संपून कप वाळला, तरच ही उद्घोषणा होते; आणि गाडी लागते ती त्या पाहुण्याच्याच गावची. नेवाशाची मावशी असली तर नेवासा, गेवराईचे मामा असले तर गेवराई. पाहुणे मुक्कामाला आले असले तर गाडीच लागत नाही. आजीनं एका दुपारी जाहीर केलं, "अरे, ह्यो तर सोंगाड्या हाय." तेव्हापासून ती त्याला साथ देते. तो गाडी लावतो आणि आजी वाहकाच्या सुरात विचारते, "सुट्टे पैसे हायेत का?" मग तो हसतो. पाहुण्याच्या तोंडाकडं तो बघत नाही, खिडकीकडं बघतो, पण खांदे हलत असतात.

ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला तज्ज्ञ एकोलेलिया म्हणतात. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की ऑटिस्टिक मुलांचं हे पुनरुच्चारण बहुतेकदा निरर्थक नसतं. त्यातून मूल होकार देतं, मागतं, स्वतःला धीर देतं, संभाषणातली आपली पाळी निभावतं. आपल्याकडं अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जी मापनपट्टी वापरतात तिच्यात चाळीस मुद्दे आहेत. त्यांत पुनरुच्चारण आहे आणि बोलण्याचा खरा रोख न कळणंही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ज्या एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली त्यांत ऑटिझम आहे, आणि त्या हक्कांसाठी तिसगाव, करंजी घाट करत नगरला जाऊन ते प्रमाणपत्र काढणं शेवगावच्या पालकांना आवश्यकच आहे. मापनपट्टीचं काम उणिवा मोजण्याचं, ते तिनं करावं. सिनेमाचं काम वेगळं आहे. माणसात मोजण्यापलीकडं काय आहे ते त्यानं बघायचं असतं.

आता 'बर्फी!'. अनुराग बसूंचा २०१२ चा चित्रपट, दार्जिलिंग आणि कोलकात्यात घडणारा. बर्फी बहिरा-मुका आहे, झिलमिल ऑटिस्टिक. मला हा चित्रपट फार आवडतो. त्यातला विनोद मूकपटांच्या वळणाचा आहे, चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांची आठवण करून देणारा. रणबीर कपूरचा बर्फी पोलिसाला चकवतो, शिड्यांवर कसरती करतो, नजरेनं टोमणा मारतो. भरताच्या विदूषकाची जी परंपरा, शरीराची उणीव आणि बुद्धीची चलाखी एकत्र, ती इथं पूर्ण तेजानं आली आहे. बहिऱ्या-मुक्या माणसाची कीव करू नका, तो तुमच्यापेक्षा मिस्कील आहे, हे चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत पटवून देतो.

त्याच चित्रपटात, त्याच माणसाशेजारी झिलमिल आहे, आणि तिला हा मिस्कीलपणा दिलेला नाही. प्रियांका चोप्रानं भूमिका जीव लावून केली आहे. हातांची अस्वस्थता, आवाजानं दचकणं, करंगळीत करंगळी गुंतवण्याचा लळा, हे सगळं मन लावून टिपलेलं. पण ती हसते ते बर्फीच्या करामतींवर. दिव्याच्या खांबाचा प्रसंग घ्या. खांब बुडाशी कापून ठेवायचा, आपल्या माणसाचा हात धरून त्याखाली उभं राहायचं आणि खांब कोसळताना तो पळतो का ते बघायचं, अशी बर्फीची परीक्षा. दोस्त पळतो. बर्फीची पहिली प्रेयसी श्रुतीही हात सोडून बाजूला होते. झिलमिल जागची हलत नाही. चित्रपट याला विश्वास म्हणतो, निरागसता म्हणतो, आणि प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो हे खरंच. पण खांब हा बर्फीनं रचलेला विनोदही आहे, एक धोकादायक थट्टा. झिलमिलला ती थट्टा कळली असेल का? हा आपल्याला दचकवायला उभा आहे, खांब आपल्या अंगावर येणार नाही, हे तिनं ओळखलं असेल, आणि म्हणून ती मुद्दाम हलली नसेल का? तसं असेल तर ती परीक्षेत उत्तीर्ण झाली नाही, तिनं परीक्षकाला चीत केलं. कॅमेरा ही शक्यता उघडतच नाही. झिलमिलच्या न पळण्यामागं मन आहे, डाव आहे, अशी शंका तिच्याबद्दल कुणाला येत नाही.

मराठी पडद्यावर ऑटिझम नाव घेऊन क्वचितच आला. जवळची पात्रं आहेत. संजय सूरकरांच्या 'चौकट राजा'तला नंदू (१९९१) ऑटिस्टिक नाही. लहानपणीच्या अपघातानं त्याची मानसिक वाढ खुंटलेली आहे. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला नंदू मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचा बसला, आणि योग्यच बसला. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. प्रभावळकर म्हणजे 'चिमणराव' आणि 'हसवाफसवी' गाजवलेले नट, विनोदाची वेळ त्यांच्याइतकी अचूक साधणारे मराठीत मोजके. नंदू करताना त्यांनी ती सगळी हातोटी बाजूला ठेवली. चित्रपटात हसवण्याचं काम चाळीतल्या गणाकडं, अशोक सराफांकडं गेलं. नटानं भूमिकेशी प्रामाणिक राहून केलेला हा त्याग आहे. पण अशा माणसाच्या तोंडी विनोद शोभणार नाही, हा समज नटाचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवरचा प्रसाद ओक यांचा 'कच्चा लिंबू' (२०१७) आईबापाची घुसमट ज्या धीटपणानं दाखवतो त्याला तोड नाही. त्यांच्या मुलाचं, बच्चूचं मन मात्र तिथंही बाहेरूनच दिसतं. मुलांच्या खेळात कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर धावतो, पण त्याचा डाव धरला जात नाही. विनोदाच्या खेळात ऑटिस्टिक माणसांचं पडद्यानं तेच केलं आहे.

'माय नेम इज खान'बद्दल फार लिहावंसं वाटत नाही. करण जोहर यांच्या २०१० च्या त्या चित्रपटात ऑटिस्टिक नायक रिझवानचा सरळपणा पूर्वार्धात हसण्यासाठी आणि उत्तरार्धात संतपणासाठी वापरला आहे. मधल्या जागेत जो माणूस राहायला हवा होता तो फार थोडा दिसतो. कोरियाच्या 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अॅटर्नी वू' (२०२२) या मालिकेतली वकील तरुणी बरी. आपलं नाव उलटसुलट कसंही वाचलं तरी तेच राहतं हे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगते आणि पाठोपाठ तसे शब्द ऐकवते. 'चिमा काय कामाची' म्हणून दाखवणाऱ्या पोराच्या डोळ्यांत जी चमक असते ती त्या नटीनं, पार्क उन-बिन यांनी, अचूक पकडली आहे. ती सवय आहे, पण गंमतही आहे, आणि ती तिचीच आहे.

ऑटिस्टिक माणसांना विनोद नसतो हा समज आला कुठून? हान्स अॅस्परगर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात लिहिलेल्या प्रबंधात या मुलांना खऱ्या विनोदाची जाण नसते असं म्हटलं होतं. त्याच प्रबंधात मुलांच्या शब्दखेळांची आणि मार्मिक उद्गारांचीही नोंद आहे. पुढच्या पिढ्यांनी पहिलं विधान उचललं, नोंद मागं राहिली. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकानं एक वेगळी मांडणी केली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच खरं आहे. इतरांनाही त्याचं मन कळत नाही, आणि नासमज दोन्हीकडून आहे. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडं सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. विनोद तर सांगण्या-ऐकण्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. तो याच सांध्यावर सांडतो. ज्याच्याकडून सांडला त्याचं नाव मात्र एकाच बाजूनं लिहिलं गेलं.

हा सांधा ज्यांनी मंचावरून उलटा वळवून दाखवला त्या ऑस्ट्रेलियाच्या विनोदकार हॅना गॅड्सबी. 'डग्लस' (२०२०) या कार्यक्रमात त्या आपल्या ऑटिझमबद्दल मोकळेपणानं बोलतात. त्यातला शाळेचा किस्सा मला संपूर्ण कार्यक्रमाचं काळीज वाटतो. शिक्षिका शब्दयोगी अव्ययांसारखा व्याकरणाचा भाग शिकवते आहे. उदाहरणाला एक खोकं आणि एक पेंग्विन. वस्तूचं खोक्याशी नातं सांगणारे शब्द, म्हणजे आत, वर, खाली, शेजारी. लहानग्या हॅनाला शंका येते: पेंग्विनचं आणि खोक्याचं नातं ते काय? प्रश्न प्रामाणिक आहे. शिक्षिकेनं 'नातं' म्हटलं, मुलीनं 'नातं' धरलं. मग एकेक प्रश्न वाढत जातो, बाईंचा पारा चढत जातो, आणि वर्गात सगळे त्या मुलीकडं बघतात.

वर्गात त्या दिवशी ती मुलगी हसण्याचा विषय होती. मंचावर तोच प्रसंग सांगताना गॅड्सबी एकही शब्द बदलत नाहीत. बदलतात ती फक्त बसण्याची जागा. आता प्रेक्षक मुलीच्या बाजूनं वर्ग बघतो. तिथून पाहिलं की दिसतं, प्रश्न तर्काला धरून आहेत आणि बाईच अडकल्या आहेत. अॅबट आणि कॉस्टेलोचा तोच साचा, पण या वेळी शांत माणसाचं शांत राहणं त्याच्या बुद्धीचं म्हणून मोजलं जातं. शिवाय एक गोष्ट मनाला लागते. त्या मुलीनं तेव्हा विनोद केला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. विनोद घडला तो नंतर, तिनं स्वतः मागं वळून त्या क्षणाला आकार दिला तेव्हा. म्हणजे ऑटिस्टिक माणसाच्या प्रत्येक सरळ उत्तराला मिस्कील ठरवणं ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. कधी प्रश्न खरा असतो, कधी डाव असतो, आणि दोन्हींतला फरक ओळखायचा तर माणसाला ओळखावं लागतं. भाच्याच्या आजीनं पाहुण्यांची गावं लक्षात ठेवली होती, ती त्यासाठीच.

बोस्टनकडचं 'अॅस्परगर्स आर अस' हे चार ऑटिस्टिक तरुणांचं विनोदी पथक; त्यांच्यावर २०१६ मध्ये अॅलेक्स लेहमन यांनी माहितीपट केला. ही मंडळी ऑटिझमवर विनोद करत नाहीत. कोरड्या चेहऱ्यानं अतर्क्य नाटुकली करतात, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना हसवण्यासाठी करतात. तालमीत त्यांचं एकमेकांवर खिदळणं पाहिलं की आत्मस्थ आणि परस्थ या दोन्ही हास्यांची घरं एकाच ठिकाणी भरलेली दिसतात.

आपल्याकडं त्या दिशेनं सगळ्यात लांब गेलेला चित्रपट आर. एस. प्रसन्ना यांचा 'सितारे जमीन पर', २० जून २०२५ ला आलेला, 'कँपिओनेस' या २०१८ च्या स्पॅनिश चित्रपटावर आधारलेला. बास्केटबॉलच्या संघातले दहा खेळाडू दहा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या, कलाकारांनीच उभे केले. त्यांत आशिष पेंडसे आणि सिमरन मंगेशकर ही मराठी नावंही आहेत. सिमरन यांची गोलू खान तोंडाळ, फटकळ, संघातल्या सगळ्यांना पुरून उरणारी. तिच्या वाक्यांवर चित्रगृह हसतं ते तिच्यासोबत. हे हसू नटीनं कमावलेलं आहे, कारण वाक्य टाकण्याची वेळ तिची स्वतःची आहे. ती नक्कल करून मिळत नाही. रेमंड आणि झिलमिल करणाऱ्या थोर नटांनाही जे साधलं नाही ते इथं सहज घडतं. माझी तक्रार संकलनाबद्दल आहे. माझ्या पाहण्यात पूर्वार्धात अनेकदा खेळाडूचं वाक्य संपता संपता कॅमेरा प्रशिक्षकाच्या, आमिर खान यांच्या, चेहऱ्यावर जातो. त्या चेहऱ्यावरची गडबड पाहून आपण हसतो. विनोद करणारा चौकटीच्या बाहेर आणि विनोदानं गांगरलेला चौकटीच्या मधोमध. हास्याची मालकी अशी दीड-दोन सेकंदांत बदलते.

म्हणून मराठी दिग्दर्शकांना माझी मागणी अगदी लहान आहे. ऑटिस्टिक पात्र लिहाल तेव्हा त्याला निदान एक वाक्य असं द्या जे त्यानं हसवण्यासाठीच म्हटलं आहे. ते ऐकलेल्या शब्दांचं असू द्या, उद्घोषणेचं असू द्या, क्रिकेटच्या समालोचनाचं असू द्या. वेळ त्याची असू द्या. पात्र शक्यतो ऑटिस्टिक कलाकाराला द्या आणि वाक्य लिहिताना त्याला शेजारी बसवा, कारण कोणती गंमत कुठं टाकायची हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. बतावणी लिहिणाऱ्यांनाही सोबत घ्या. सरळ अर्थाचं शस्त्र कसं चालवायचं हे त्यांना शिकवावं लागणार नाही. आणि वाक्य संपल्यावर कॅमेरा हलवू नका. आई, मामा, प्रशिक्षक, डॉक्टर यांच्यापैकी कुणाच्याही चेहऱ्यावर लगेच जाऊ नका. बोलणाऱ्यावरच दोन श्वास थांबा. तो खिडकीकडं बघत असेल तर खिडकीकडं बघू द्या, आणि चित्रगृहातलं हसू येईल ते तो समोर असतानाच येऊ द्या.